फाईल तिची, सही तिची

जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसासाठी मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून मुलाखतीची तारीख आली की घरात धांदल उडते. नवरा तिकडे न्यू जर्सीत नाहीतर डॅलसमध्ये, मुलगी इकडे माहेरी किंवा सासरी, आणि सल्ला द्यायला अख्खं गोत हजर. कुणाच्या नणंदेला काय विचारलं, कुणाच्या भाचीला कसं परत पाठवलं, सगळं ऐकून होतं. शंभर प्रश्नांची पीडीएफ येते. मुलगी उत्तरं पाठ करायला बसते. एक काम मात्र हमखास राहून जातं: तिने स्वतःचा अर्ज वाचलेलाच नसतो.

दोष तिचा नाही. डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाईन अर्ज तिचा असला तरी पोर्टलचं लॉगिन नवऱ्याकडे असतं, फी त्याच्या खात्यातून जाते, सरकारी इंग्रजीची सवय त्याला असते. म्हणून तोच रात्री बसून भरतो. 'बारावीनंतर होस्टेलला कधी गेलीस?' असं मेसेजवर विचारतो, उत्तर आलं नाही तर अंदाजाने टाकतो. अर्ज जातो. पुढे कित्येक महिन्यांनी ती खिडकीसमोर उभी राहते, उजवा हात वर करून शपथ घेते, बोटाचा ठसा देते, आणि त्या क्षणी अर्जातलं प्रत्येक वाक्य तिचं होतं. ते कुणी टाईप केलं होतं, हे अधिकारी विचारत नाही. तयारी म्हणायची तर इथून सुरू व्हायला हवी. नवऱ्याने आय-१३० (त्याने बायकोसाठी केलेला अर्ज), आय-१३०ए (त्याला जोडलेली तिची माहिती), डीएस-२६० आणि आय-८६४ (तिच्या खर्चाची हमी) या चारही फॉर्मच्या संपूर्ण प्रती तिला पाठवाव्यात आणि दोघांनी व्हिडिओ कॉलवर पान न पान एकत्र वाचावं. तीन-चार संध्याकाळी लागतील. पैसे घेऊन सरावाची मुलाखत घेणाऱ्या एजंटाच्या वर्गापेक्षा या संध्याकाळी कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

घरातल्या मोठ्यांचे सल्ले प्रेमाचे असतात, पण बरेचदा जुने असतात, किंवा दुसऱ्याच व्हिसाचे असतात. २०११ पर्यंत हे कॉन्सुलेट ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होतं. त्या काळच्या रांगांच्या आठवणींवर आज वांद्रे-कुर्ला संकुलातली मुलाखत पार पडत नाही. आता कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रतींची छाननी आधीच ऑनलाईन झालेली असते. दुसरा घोळ त्याहून मोठा आहे. टुरिस्ट व्हिसाला 'मी परत येणार' हे पटवून द्यावं लागतं, कारण तिथे २१४(बी) हे कलम लागतं. म्हणून मुलीला कुणीतरी सांगतं, इथल्या फ्लॅटचे कागद ने, आईवडील एकटे आहेत म्हणून सांग. जोडीदाराचा इमिग्रंट व्हिसा तर कायम राहायला जाण्यासाठीच असतो! तिथे हे कलमच लागू नाही. 'मी दोन वर्षांत परत येईन' हे वाक्य तिथे निरुपयोगी आहे, शिवाय अर्जाच्या हेतूशी विसंगतही.

इथे अधिकाऱ्याला मुख्यतः तीन गोष्टी बघायच्या असतात. लग्न कायद्याने झालंय का, ते खरं आहे का, आणि हिच्या जाण्यात आरोग्य, पोलीस नोंद किंवा पैसा यांपैकी कशाची अडचण आहे का. नवरा अमेरिकन नागरिक असेल तर रांग नाही. ग्रीन कार्डधारक असेल तर एफ२ए प्रवर्गात नंबर लागतो आणि नंबर कुठवर आला हे सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघत बसावं लागतं. नवरा नागरिक असेल आणि अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर व्हिसावर सीआर१ असं येतं, झाली असतील तर आयआर१.

लग्न खरं आहे का, या प्रश्नाची आपल्याकडे उगाच धास्ती घेतात. ठरवून केलेलं लग्न, दोन भेटींत होकार, तिसऱ्या भेटीत साखरपुडा, हे मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्याला नवीन नाही. त्यासाठी प्रेमकहाणी रचायची काहीच गरज नाही. स्थळ कुणी सुचवलं, पत्रिका बघितली का, कांदेपोह्यांचा कार्यक्रम कुणाच्या घरी झाला, मुलगा सुट्टीवर किती दिवस आला होता, हे सरळ सांगावं. उलट लग्न ठरवून झालेलं असताना 'कॉलेजपासून ओळख' असं सांगायला कुणी शिकवलं, आणि नवऱ्याने आय-१३० सोबत जोडलेल्या पत्रात 'मॅट्रिमोनी साईटवरून ओळख झाली' असं लिहिलेलं असलं, तर खरं लग्न खोटं दिसायला लागतं.

अडचण येते ती बहुतेकदा तारखेवर. आपल्याकडे हल्ली सर्रास होतं असं की व्हिसाचे कागद लवकर लागावेत म्हणून जानेवारीत रजिस्टर लग्न उरकतात आणि हॉल मिळेल तसा मे किंवा डिसेंबरात विधिवत लग्नसोहळा करतात. यात बेकायदा काही नाही. पण कायद्याच्या लेखी लग्न झालं ते जानेवारीत. आय-१३० वर जानेवारी, लग्नपत्रिकेवर डिसेंबर, फोटोंवर डिसेंबर, आणि खिडकीत 'लग्न कधी झालं?' विचारल्यावर मुलगी मनापासून डिसेंबर सांगते, कारण तिच्या मनात लग्न म्हणजे तोच दिवस. दोन्ही तारखा क्रमाने सांगाव्यात: नोंदणी या दिवशी, विधी त्या दिवशी, मधल्या काळात मी माहेरीच होते. एवढ्याने प्रश्न मिटतो. आणखी एक सापळा म्हणजे अमेरिकन पद्धत. तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. आय-१३० वर ०३/०७ म्हणजे ७ मार्च. आपल्या सवयीने भरलं असेल तर ३ जुलैचं लग्न चार महिने आधीच लागलेलं दिसतं. प्रत्येक फॉर्मवरची प्रत्येक तारीख बोट ठेवून तपासा.

आता विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, नगरपालिकेत किंवा गावी ग्रामसेवकाकडे नमुना 'ड' मधलं ज्ञापन भरून देतात. त्यावर वर, वधू, तीन साक्षीदार आणि भटजी यांच्या सह्या असतात. हातात मिळतो तो नमुना 'ई'. हाच दाखला लागतो. कार्यालयाची पावती, भटजींनी दिलेलं प्रमाणपत्र किंवा देवस्थानाचा कागद त्याच्या जागी चालत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते. नवरा तीन आठवड्यांच्या रजेवर येणार असेल तर हे गणित आधीच मांडून ठेवा. दाखला हातात आला की काउंटर सोडण्यापूर्वी वाचा. जन्मतारीख, स्पेलिंग, लग्नाचं ठिकाण, दोघांचे पत्ते. क्लार्कने 'Y' च्या जागी 'I' टाकला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. वर्षभराने त्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि चार खेपा लागतात.

नावांचा गुंता तर खास आपला. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वेगळ्या रकान्यात नसतं, 'स्नेहल सुरेश' असं दोन्ही मिळून एकच पहिलं नाव होतं. लग्नानंतर सुरेश जाऊन तिथे नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर तांदळात अंगठीने लिहून मुलीचं पहिलं नावही बदलतात. मग जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर दुसरं, आधारवर तिसरं. डीएस-२६० मध्ये 'पूर्वी वापरलेली इतर नावं' असा रकाना आहे, त्यात ही सगळी नावं यायला हवीत. कायद्याने नाव बदलायची सक्ती कुठेच नाही, म्हणून आमचं सांगणं स्पष्ट आहे: प्रक्रिया सुरू असताना पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा येतो, ग्रीन कार्ड त्याच नावाने येतं, पुढे हवं तर तिकडे बदलता येतं. बदलून झालंच असेल तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट सोबत न्या आणि आपण होऊन सांगा.

जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा असणं हेही आपल्याकडे नेहमीचं. हॉस्पिटलने जन्म कळवला तेव्हा बारसं व्हायचं होतं, नंतर कुणी नाव नोंदवायला गेलंच नाही. मुलाखतीची तारीख येईपर्यंत थांबू नका, महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून नाव चढवून नवा दाखला काढा. नोंदच सापडत नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या आईवडिलांची किंवा जवळच्या नातलगांची प्रतिज्ञापत्रं, असा संच तयार ठेवा. नुसत्या मराठीतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं असतं.

आधीचं लग्न मोडलेलं असेल, मग ते तिचं असो की त्याचं, तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी. काही समाजांत पंचांसमोर काडीमोड होतो, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी करतात. नुसत्या त्या कागदावर विसंबून आय-१३० भरणं म्हणजे पुढचं लग्नच वादात टाकणं. आधी कौटुंबिक न्यायालयातून मार्ग काढा, मग लग्न, मग अर्ज. उलट क्रमाने केलेलं नंतर सावरणं फार अवघड जातं.

पोलीस क्लिअरन्स म्हणजे पीसीसी, तो पासपोर्ट सेवा केंद्रातून पाचशे रुपये भरून मिळतो. पासपोर्टवरचा पत्ता माहेरचा आणि राहणं पुण्यातल्या पीजीत असेल तर नव्याने पोलीस चौकशी होऊ शकते, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिली असेल तर तिथलाही दाखला लागतो. एमएस अमेरिकेतच केलं असेल तर अमेरिकेचा लागत नाही. डीएस-२६० मध्ये सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते द्यायचे असतात. होस्टेल आणि भाड्याच्या खोल्या लोक इथेच विसरतात. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावंही मागितलेली असतात, बंद केलेलं इन्स्टाग्राम खातंसुद्धा त्यात धरायचं.

नवऱ्याच्या बाजूची सर्वात मोठी चूक टॅक्सची असते. ३१ डिसेंबरला ज्याचं लग्न झालेलं आहे, तो त्या वर्षासाठी विवाहित. बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून बरेच जण 'सिंगल' लिहून रिटर्न भरतात. मग एकीकडे आय-१३० वर विवाहित आणि आय-८६४ ला जोडलेल्या टॅक्स ट्रान्सक्रिप्टवर (रिटर्नच्या सरकारी उताऱ्यावर) अविवाहित. मुलाखतीत अधिकाऱ्याने नेमकं हेच विचारलं तर ती बिचारी काय सांगणार? मुलाखतीच्या आधी १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून रिटर्न दुरुस्त करावं आणि त्याची प्रत तिच्या फाईलमध्ये ठेवावी. नवऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाची अट अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे. २०२५च्या तक्त्यात दोघांच्या घरासाठी ती २६,४३७ डॉलर होती. आकडा दरवर्षी बदलतो. कमी पडत असेल तर तिथला नातलग किंवा मित्र संयुक्त प्रायोजक होऊ शकतो, मात्र तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असायला हवा.

वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, फॅमिली डॉक्टरचं पत्र चालत नाही. रक्त, छातीचा एक्स-रे आणि लसी. नव्वदच्या दशकात जन्मलेल्यांची लसीकरणाची कार्डं बहुधा सापडत नाहीत, मग गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात, हिपॅटायटिस बी या लसी पुन्हा घ्याव्या लागतात. गोवराच्या लशीच्या दोन डोसांत अठ्ठावीस दिवसांचं अंतर लागतं, म्हणून पहिला डोस आधीच घेऊन ठेवलेला बरा. गरोदर असाल तर आधी सांगा, कारण जिवंत विषाणूंच्या लसी त्या काळात देत नाहीत आणि एक्स-रेचीही काळजी घ्यावी लागते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं ते क्षयाबद्दल. लहानपणी 'प्रायमरी' झाल्याचं आपल्याकडे कितीतरी घरांत असतं, आणि लग्नाच्या बाजारात ते लपवण्याची सवयही असते. कधी सासरी माहीत नसतं, कधी मुलीलाच सांगितलेलं नसतं. एक्स-रेवर जुना डाग दिसला की थुंकीचे तीन नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी घेतात आणि त्यात जंतू वाढतात का ते बघायला कल्चर आठ आठवडे ठेवतात. ही शिक्षा नाही आणि नकारही नाही, पण दोन महिने जातात आणि तोवर व्हिसा निघत नाही. म्हणून विमानाचं तिकीट, नोकरीचा राजीनामा, निरोपाचं जेवण यांतलं काही तपासणीचा निकाल येण्याआधी ठरवू नका. जुन्या उपचाराचे कागद आणि जुने एक्स-रे असतील तर घेऊन जा, डॉक्टरला तुलना करता येते. तपासणी फार लवकर करणंही बरं नाही, कारण व्हिसाची मुदत तपासणीच्या मुदतीला बांधलेली असते, साधारण सहा महिने.

नात्याचा पुरावा छापून न्यायचा. मोबाईल, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह काहीच आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोनमधले आठशे फोटो त्या दिवशी शून्य. दहा-पंधरा फोटो पुरेत. फोटोग्राफरच्या अल्बमपेक्षा साधे बरे: हळदीत दोन्हीकडच्या आया, सत्यनारायणाला बसलेली जोडी, नवरा परत जाताना एअरपोर्टवर सासू-सासऱ्यांसोबत. मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण, नावं. त्याच्या भारतवारीचे पासपोर्टवरचे शिक्के, दोघांनी केलेल्या प्रवासाची तिकिटं, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि चॅटची निवडक पानं. दर महिन्यातलं एखादं पान ठेवा, तीनशे पानांचा गठ्ठा कुणी उलगडत नाही. व्हिसाचा फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, चष्मा काढून. स्टुडिओवाला सवयीने आपला पासपोर्ट साईज देतो, मापून घ्या.

मुलाखतीच्या काही दिवस आधी बोटांचे ठसे आणि फोटोसाठी व्हिसा अर्ज केंद्रात वेगळी वेळ घ्यावी लागते. मुलाखतीला आत एकटीनेच जायचं असतं. नवरा असलाच पाहिजे असं नाही. फोन सोबतच्या माणसाकडे द्या. पावसाळ्यात तारीख असेल तर फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि घरून निघणं दीड तास आधी, कारण जोराच्या पावसात कुर्ल्याच्या बाजूने रिक्षा मिळेलच असं नाही.

आत खुर्ची-टेबल नसतं. काचेची खिडकी, माईक, आणि पलीकडे स्क्रीनकडे बघणारा अधिकारी. आधी एका काउंटरवर मूळ कागद मागून घेतात. ज्या क्रमाने मुलाखतीच्या पत्रात लिहिलेत त्याच क्रमाने लावलेले असले की हाताला कंप सुटला तरी सापडतात. मग शपथ, मग प्रश्न. नवऱ्याचं पूर्ण नाव, तो काय करतो, कुठे राहतो, लग्नाला कोण आलं होतं, लग्नानंतर तो कितीदा आला, आधी कुणाचं लग्न झालं होतं का. मराठीतून बोलायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा, यात कमीपणा नाही. तोडक्या इंग्रजीतल्या अर्धवट उत्तरापेक्षा मराठीतलं पूर्ण उत्तर चांगलं. फक्त एक जपा: आतेभाऊ, चुलतभाऊ यांना 'ब्रदर' म्हणू नका. अर्जात नवऱ्याला एकच बहीण आणि तोंडी 'त्यांचे दोन भाऊ लग्नाला होते', असं झालं की पुढचे चार प्रश्न तिथेच अडकतात. पगाराचा नेमका आकडा माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावं.

अर्ज वाचताना चूक सापडली असेल, पत्ता बदलला असेल, नोकरी सुटली असेल, तर ते एका कागदावर लिहून न्या आणि शपथ घेण्यापूर्वी सांगा. तिथे दुरुस्ती होते. पूर्वी कधी टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला असेल, तर तो लपवणं हा सर्वात घातक सल्ला आहे, कारण ती नोंद त्यांच्याकडे असतेच. नकारामुळे जोडीदाराचा व्हिसा अडत नाही. खोटं बोलल्यामुळे अडतो, आणि २१२(ए)(६)(सी) या कलमाखाली बसलेला ठपका आयुष्यभर राहतो, तो उठवायला वेगळी माफी मागावी लागते.

कागद कमी पडला की २२१(जी)ची चिठ्ठी हातात देतात. संध्याकाळी पोर्टलवर 'रिफ्यूज्ड' असा शब्द दिसतो आणि घरात रडारड होते. या टप्प्यावर त्याचा अर्थ एवढाच की फाईल अजून उघडी आहे. चिठ्ठीवर काय मागितलंय ते वाचा, तेवढंच द्या, आणि वर्षाच्या आत द्या. वर्ष उलटलं तर अर्ज बंद होऊ शकतो आणि फी पुन्हा भरावी लागते.

पासपोर्ट परत आला की व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि सीआर की आयआर हे ताबडतोब तपासा. निघण्यापूर्वी यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची इमिग्रंट फी ऑनलाईन भरा. ती २०२४च्या एप्रिलपासून २३५ डॉलर आहे, आणि ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत. सीलबंद पाकीट दिलं असेल तर फोडायचं नाही, एक्स-रेची सीडी मिळाली असेल तर ती हातातल्या बॅगेत ठेवायची. आणि सीआर१ असेल तर हीच फाईल सोबत न्या: कार्ड दोन वर्षांचं असतं, ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ हा कार्डावरची अट उठवण्याचा अर्ज भरावा लागतो, आणि तेव्हा हेच सगळं पुन्हा मागतात, शिवाय दोघांच्या नावाचं भाडेपत्र, बँक खातं आणि टॅक्स रिटर्न.